वेग नव्हे, अंगकाठी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत सिनेमातल्या पाठलागांवर लेख आला. त्यात ‘द इटालियन जॉब’ला (१९६९) दोनच ओळी, आणि त्याही वेगाबद्दल. इटलीतल्या तुरीनच्या तुंबलेल्या रहदारीतून चोरलेलं सोनं घेऊन तीन मिनी कूपर एस निसटतात त्या वेगावर नव्हे, अंगकाठीवर. गाडी लांबीला दहा फूट, रुंदीला रिक्षापेक्षा जेमतेम चार-पाच इंच जास्त. मालवणच्या बाजारात रिक्षा जाते तिथून तीही अंग चोरून जाईल.

चर्चच्या पायऱ्या उतरताना नीट बघा. चाकं दहा इंची, पण पार चार कोपऱ्यांत. त्यामुळे नाक पायरीला टेकत नाही. स्प्रिंगांच्या जागी रबर आणि द्रव भरलेले डबे. खरी भीती पोटाची. इंजिन आडवं, गिअरबॉक्स त्याच्याच खाली, दोघांना ऑइल एकच. पाखाडीतला एखादा वर आलेला चिरा सम्पला, म्हणजे तळच्या ऑइलच्या भांड्याला, बसला की दोन्ही जाम! म्हणून रॅलीच्या मिनींना खालून जाड पत्रा बसवत.

नदीच्या बंधाऱ्यावरून गाड्या जातात, ते तर कमालच. जुन्या मिनीचा डिस्ट्रिब्युटर (प्लगांना करंट वाटणारा भाग) इंजिनाच्या तोंडावर, जाळीच्या लगेच मागे. समोरून पाणी उडालं की कॅप ओली, करंट भलतीकडे, गाडी बंद. आपल्या जुलैत ती रोज रुसली असती. उपाय साधा: रबरी हातमोजा कॅपवर चढवायचा आणि कापलेल्या बोटांतून प्लगच्या वायरी बाहेर काढायच्या.

धावत्या बसमध्ये गाड्या चढतात, तिथं स्टंट ड्रायव्हर रेमी ज्युलिएनच्या चमूचं कसब दिसतं. पुढची चाकं फळीला लागतात तेव्हा रस्त्याच्या वेगानं फिरत असतात, आणि फळी तर बसबरोबरच पळतेय. ओढ पुढच्याच चाकांची. त्या क्षणी क्लच दाबला नाही तर गाडी हिसक्यानं आत घुसणार. हे सगळं संगणकाविना, खऱ्या पत्र्यानिशी केलेलं आहे. पन्नास वर्षांनीही डोळा हटत नाही, तो म्हणूनच.

थाप एकच, पण वजनदार. चाळीस लाख डॉलरचं सोनं तेव्हाच्या ३५ डॉलर औंस या सरकारी भावानं साडेतीन टन भरतं. म्हणजे साडेसहाशे किलोच्या प्रत्येक गाडीत जवळपास बाराशे किलो. रबराचे ते डबे तिथंच चपटे झाले असते. गच्चीवरून उडी दूरच, पहिल्या पायरीलाच पोट टेकलं असतं.

आपले,
जुन्या गाड्यांचे काही मेकॅनिक, मालवण