व्हर्नियर घेऊन आलेल्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

समोर बसून आभार मानायला गेलो की तुम्ही ‘त्यात काय एवढं’ म्हणून चहाचा विषय काढता आणि सांगायचे ते राहून जाते. म्हणून हे पत्र लिहितो आहे. तुमची परवानगी घेऊन ते सर्वांना वाचता येईल असे ठेवतो आहे, कारण माझ्या वयाच्या ज्या कुणाच्या माळ्यावर असाच एखादा डबा पडून असेल, त्याला तुमच्याविषयी कळावे असे मला मनापासून वाटते.

२०२२ साली बाबा गेल्यानंतर आम्ही चिंचवडचे घर आवरायला काढले, तेव्हा माळ्यावरून तो पत्र्याचा डबा खाली आला. मामाने १९८८ साली मस्कतहून सुट्टीवर येताना माझ्यासाठी लेगोचे ठोकळे आणले होते, ते त्यात होते. १९९४ मध्ये दहावीचे वर्ष लागले तेव्हा आईने ‘परीक्षा होईपर्यंत’ म्हणून डबा वर ठेवला. पण एक परीक्षा संपली की दुसरी, मग नोकरी, मग संसार, असे करता करता तो तिथेच राहिला. मोठेपणी या छंदाकडे परतलेली जगभरची माणसे मधल्या रिकाम्या वर्षांना ‘अंधारयुग’ म्हणतात. माझे अंधारयुग २८ वर्षांचे निघाले.

झाकण उघडले तेव्हा आत धूळ, झुरळांची घाण, वितळून चिकटलेले रबर आणि एकमेकांत घट्ट रुतलेले ठोकळे होते. लहानपणी शोकेसमध्ये खिडकीशेजारी ठेवलेल्या घराची उजेडाकडची पांढरी भिंत पिवळी पडली होती, आतली मात्र पांढरीच होती. भंगारवाला खाली उभा होता आणि मी डबा घेऊन जिना उतरत होतो. तुम्ही दारातच होतात. तुम्ही हात पुढे करून एक लाल ठोकळा उचललात, अंगठ्याने त्याची कड चाचपलीत आणि म्हणालात, ‘टाकू नकोस. आधी मोजू.’ हे एवढे वाक्य तुम्ही बोलला नसता, तर पुढचे काहीच घडले नसते.

पुढच्या रविवारी तुम्ही खरोखरच व्हर्नियर, म्हणजे बारीक मापे घेण्याचे जबड्यांचे साधन, घेऊन आलात. पिंपरीच्या टूलरूममध्ये ३४ वर्षे डाय आणि मोल्ड, म्हणजे साचे, बनवण्यात गेलेल्या माणसाने माझे खेळणे एखाद्या जॉबसारखे हातात घेतले, आणि त्या क्षणी माझा संकोच गेला. तोवर घरीदारी जो तो विचारत होता की हे मुलासाठी ठेवणार आहेस का. तुम्ही तो प्रश्न कधीच विचारला नाहीत. आता बारीक रेघा दिसत नाहीत म्हणून माप मी वाचायचे आणि वहीत तुम्ही लिहायचे, असे आपले ठरले. वर आठ गोल उंचवटे, म्हणजे आठ बटणे असलेला ठोकळा ३१.८ मिलिमीटर लांब, १५.८ रुंद आणि बटणे सोडून ९.६ उंच भरला. बटणाचा व्यास ४.८ आला. दुसरा ठोकळा घेतला, तिसरा घेतला; आकडे तेच. तुम्ही चष्मा काढून थोडा वेळ गप्प बसलात. टूलरूमच्या माणसाची दाद कशी असते, ते मी त्या दिवशी पाहिले.

डब्यात आजीने जत्रेतून आणलेले दुसरे ठोकळेही मिसळलेले होते. लहानपणी भिंत मध्येच का डुगडुगते हे मला कधी समजले नव्हते. व्हर्नियरने ते ठोकळे दहा मिनिटांत वेगळे काढून दिले. मग तुम्ही एक ठोकळा उलटा करून आतल्या तीन नळ्या दाखवल्यात. कोपऱ्यातले बटण दोन बाजूंनी भिंतींना आणि एका बाजूने नळीला टेकते, प्लॅस्टिक किंचित दबते आणि परत मूळ आकार घेऊ पाहते, म्हणून पकड बसते आणि लहान मुलाच्या हातानेही सुटते, हे तुम्ही समजावलेत. आतल्या बाजूचा साच्याचा बारीक क्रमांक तुम्ही भिंगातून वाचायला लावलात. त्या रात्री मी या नळ्यांचा इतिहास वाचून काढला. लेगोचे संस्थापक, डेन्मार्कमधल्या बिलुंड गावचे सुतार ओले कर्क क्रिस्तियानसेन यांनी १९३२ साली लाकडी खेळणी बनवायला घेतली. प्लॅस्टिकचे ठोकळे आले तेव्हा सुरुवातीला ते आतून पोकळ होते, त्यामुळे पकड कच्ची होती. नळ्यांच्या रचनेसाठी पेटंटचा अर्ज त्यांचे चिरंजीव गॉडफ्रेड यांनी २८ जानेवारी १९५८ रोजी केला. तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. हे मी तुम्हाला सांगितले तेव्हा तुम्ही इतकेच म्हणालात, ‘मोल्ड झिजण्याआधी बदलत असणार.’

धुण्याचे कामही तुमच्याच शिस्तीने झाले. कोमट पाणी, सौम्य साबण, जुना दात घासायचा ब्रश, आणि सुकवायचे ते सावलीत, पंख्याखाली. पिवळ्या भिंतीचे ठोकळे आपण हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून काचेच्या बरणीत गच्चीवर उन्हात ठेवले. झाकण घट्ट लावायचे नाही, आत वायू साठतो, आणि हातमोजे घातल्याशिवाय बरणीला हात लावायचा नाही, हे तुम्ही मला दोनदा बजावलेत. ठोकळे पूर्ण पांढरे झाले नाहीत, पण भिंत पुन्हा एका रंगाची दिसू लागली. एकमेकींत रुतलेल्या लेगोच्या पातळ पट्ट्या, म्हणजे चपटे ठोकळे, सोडवण्यासाठी तुम्ही पितळेची एक पट्टी घासून, तिच्या कडा मारून, पाचर करून आणलीत. लहानपणी हे काम मी दातांनी करत असे. एका पिवळ्या पट्टीच्या कोपऱ्यावर त्या दातांचे दोन खळगे अजून आहेत. ती पट्टी मी बाजूला टाकली होती. तुम्ही ती उचलून परत चांगल्या ढिगात ठेवलीत आणि काहीच बोलला नाहीत. ती आता माझ्या टेबलावर असते.

मला सर्वांत जास्त ज्याबद्दल ऋण मानायचे आहे, ती तुमच्या वहीतली एक ओळ आहे. पातळ पट्टीची जाडी ३.२ भरली, म्हणजे तीन पट्ट्यांची उंची बरोबर एका ठोकळ्याएवढी. हे मला लहानपणीही ठाऊक होते. पण तुम्ही खाली लिहिलेत: ३.२ × ५ = १६ = ८ × २. म्हणजे पाच पट्ट्या एकावर एक ठेवल्या की त्यांची उंची दोन बटणांना लागणाऱ्या जागेएवढी होते (एका बटणाला ८ मिलिमीटर), आणि म्हणून ठोकळा आडवा निजवला तरी तो उभ्या भिंतीत नेमका बसतो. आपल्या जुन्या इमारतीच्या गॅलरीचा कठडा नववीत असताना मला ठोकळ्यांतून करायचा होता आणि गज उभे राहात नव्हते. त्याचे उत्तर या ओळीत होते. अनुभवी मंडळींना ही युक्ती केव्हाची ठाऊक आहे. पण कुणाच्या सांगण्याविना, केवळ मापे घेऊन तुम्ही तिथे पोहोचलात, आणि मी शेजारी बसून ते पाहिले. सहा आठ-बटणी ठोकळे ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ तऱ्हांनी जोडता येतात, असे कोपनहेगनच्या गणितज्ञांनी मोजून काढले आहे. तो आकडा थोर आहेच, पण मला तुमची ती ओळ अधिक मोलाची वाटते.

कठड्यासाठी बाजूला बटण असलेले एकेरी ठोकळे हवे होते आणि डब्यात चारच होते. बाकीचे मी परदेशातल्या एका विक्रेत्याकडून मागवले. पाकीट आले त्या संध्याकाळी आपण नवा ठोकळा १९८८ च्या ठोकळ्यावर दाबला. तो बारीक ‘टक्’ आवाज आला तेव्हा, हल्ली तुम्हाला कमी ऐकू येते तरी, तुम्ही मान हलवलीत. बोटांना कळले असणार.

ठोकळ्यांच्या त्या इमारतीचे काम आता दुसऱ्या मजल्यापर्यंत आले आहे. तळमजल्यावरचे तुमचे दार हिरवे हवे, आणि त्या मापाचे हिरवे दार अजून मिळालेले नाही. मी शोधतो आहे. जिन्याच्या पायऱ्या खरोखर किती होत्या याबद्दल मात्र आपले एकमत झालेले नाही, तेव्हा येत्या रविवारी वही घेऊन या. गेल्या दिवाळीत तुम्ही माझ्या हाती दिलेला व्हर्नियर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे, काम झाले की तेलाच्या फडक्याने पुसून, जबडे किंचित उघडे ठेवून, त्याच्या लाकडी पेटीत ठेवतो.

आपला कृतज्ञ,
तिसऱ्या मजल्यावरचा