आप्पा, उत्तर दिशा आता दाखवली आहे

आप्पा, सप्रेम नमस्कार.

समोर बसून आभार मानायला गेले असते तर तुम्ही "चहा घे आधी" म्हणून विषय बदलला असता. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही हे ठाऊक आहे. नातू मोठ्याने वाचून दाखवेल, आणि कौतुकाची ओळ आली की तुम्ही "पुढे" म्हणाल.

गेल्या महिन्यात धुळ्यात माझ्या 22 फोटोंचं प्रदर्शन लागलं, तेव्हा चौघापाचजणांनी विचारलं, "निसर्गाचे फोटो काढायला कुठे शिकलीस?" मी म्हटलं, "मोजणीखात्यातून निवृत्त झालेल्या एका माणसाकडे." त्यांना वाटलं, मी चेष्टा करते आहे.

त्यांना लळिंगच्या फोटोची गोष्ट माहीत नाही ना. मी तेव्हा 20 वर्षांची होते, कॅमेरा हप्त्यावर घेतलेला. लळिंगच्या किल्ल्याचा फोटो, मागे शेंदरी-जांभळं पेटलेलं आभाळ. एका स्पर्धेत दुसरा नंबर आला होता आणि गल्लीभर पेढे वाटून झाले होते. पेढा तोंडात टाकून तुम्ही फोटो हातात घेतला, जरा तिरपा धरला, आणि विचारलं, "कधीचा?"

"डिसेंबरचा."

"मग सूर्य जूनच्या जागेवर काय करतो आहे?"

मला कळेना. तुम्ही दारातल्या धुळीत काटकीने रेघ ओढलीत. ही पश्चिम. आपण 21 अंशांच्या आसपास राहतो, म्हणून डिसेंबरात सूर्य इथून सुमारे 25 अंश डावीकडे मावळतो, जूनमध्ये तितकाच उजवीकडे. तुझा सूर्य किल्ल्याच्या उजव्या खांद्यावर बसला आहे, आणि बोरीची सावली पडली आहे भलतीकडेच. मग फोटो परत देत एवढंच म्हणालात, "टिपण चुकलंय."

आभाळ लळिंगचं नव्हतंच, आप्पा. कोकणच्या सहलीत मे महिन्यात काढलेलं आभाळ मी संगणकावर किल्ल्यामागे चिकटवलं होतं, रिकामी जागा दिसली तिथे. हे तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही. तुम्ही ओळखलं असणारच. दुसऱ्या दिवशी तुम्ही आमच्या घरी आलात, पण फोटोचं अवाक्षर काढलं नाही. बाबांना विचारलंत, "पोरीला पहाटे शिवारात नेऊ का? मी सोबत असेन."

खरी मदत ही. काच, फिल्टर, एक्स्पोजर हे सगळं मी व्हिडिओ पाहून शिकलेच असते. पण पहाटे पाच वाजता एकट्या मुलीला कॅमेरा घेऊन नाल्याकाठी कोण जाऊ देतं आमच्याकडे? तीन वर्षं तुम्ही तुमच्या खडखडत्या गाडीवर मला नेत होतात, थर्मास गळ्यात अडकवून. मी फोटो काढायचे, तुम्ही बांधावर बसून तंबाखू मळायचात. शेतमालक "कोण रे?" म्हणत आला की त्याच्या आज्याचा गट नंबर सांगून त्यालाही शेजारी बसवायचात.

सुरुवातीला मी उजेडामागे नुसती धावायचे. या टेकाडावरून त्या टेकाडावर, तिपाई खांद्यावर. तुमची हाक अजून कानात आहे: "कसाले पयी ऱ्हायनी वं? डोंगर कोठे जाई नही ऱ्हायना!" (कशाला पळतेस गं? डोंगर कुठे जात नाहीये!)

आपल्या भागात फोटो काढण्यासारखं काही नाही असं मला वाटायचं. काळी माती, कपाशी, आठ महिने वाळलेलं गवत. डोंगर म्हणजे सह्याद्री, पाणी म्हणजे कोकण. तुम्ही मला ती भिंत दाखवलीत. धुळे-नंदुरबारच्या पट्ट्यात माळावरून सरळ रेषेत मैलोन् मैल जाणाऱ्या काळ्या दगडाच्या धारा. मोजणी करताना साखळी धरायला त्यांचा किती उपयोग व्हायचा, एवढंच तुम्ही सांगितलंत. त्या कशा झाल्या ते मला भूगोलाच्या मॅडमनी सांगितलं: सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा जमिनीच्या भेगांत वर चढला आणि तिथेच थिजला. आजूबाजूचा खडक झिजून गेला, भेगेतला कठीण दगड भिंतीसारखा उभा राहिला. डाइक म्हणतात त्यांना. प्रदर्शनातले 22 पैकी 9 फोटो त्यातल्या एकाच धारेचे आहेत. एप्रिलमध्ये ती धुरकटात विरघळते, मागचं काहीच दिसत नाही. जूनच्या पहिल्या सरीने हवा धुतली की तीच धार हाताच्या अंतरावर येऊन उभी राहते. आणि मेच्या अखेरीस सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावलीच नाहीशी होते, त्या दिवशी तर दगडाला बाजूच उरत नाही. तो फोटो सपाट आहे. बघणारे पुढे सरकतात. मला तोच सर्वांत आवडतो.

चाळीसगावची फेरीही तुमचीच कल्पना. रेल्वेने गेलो आपण, केकी मूस यांचं घर बघायला. मुंबईत जन्मलेला, विलायतेत शिकलेला हा पारशी कलावंत चाळीसगावच्या स्टेशनाजवळच्या घरात दशकानुदशकं जवळपास बाहेर न पडता राहिला, आणि 1989 मध्ये तिथेच गेला. टेबलावर बारीकसारीक वस्तू मांडायच्या, उजेड पाडायचा, आणि अख्खं दृश्य उभं करायचं, ही त्यांची खासियत. मी जरा चिडलेच होते. म्हटलं, मग माझ्या चिकटवलेल्या आभाळाने काय पाप केलं? तुम्ही बराच वेळ एका फोटोसमोर उभे राहिलात. मग म्हणालात, "त्यांनी टेबल टेबलच ठेवलं. टेबलाला लळिंग म्हटलं नाही."

परतीच्या गाडीत तुम्ही प्लेन टेबलाबद्दल बोलत होतात. तिपाईवर फळी, फळीवर कागद, शेत समोर ठेवून जागेवरच नकाशा उतरवायचा. घरी जाऊन आठवून काढायचा नाही. मी खिडकीबाहेर बघत होते, ऐकत नाही असं तुम्हाला वाटलं असेल. ऐकत होते.

त्या फळीची सागवानी तिपाई तुम्ही मला देऊन टाकलीत. (खात्याची नव्हे, निवृत्तीनंतर खासगी मोजणीसाठी स्वतः घेतलेली, हे वाचकांसाठी.) लेथवाल्याकडून वर लोखंडी पट्टी आणि पाव इंची बोल्ट बसवून घेतला. पाच किलोच्या वर भरते, खांदा मोडतो. पण मुडावदला पांझरा तापीला मिळते तिथे, सुसाट वाऱ्यात, 30 सेकंदांचं एक्स्पोजर तिच्यावर हललं नाही. तापी पश्चिमेला वाहते, त्यामुळे मार्चमध्ये सूर्य थेट पात्राच्या दिशेलाच उतरतो. त्या फोटोतलं आभाळ तिथलंच आहे, आप्पा. फिकट आहे जरा.

प्रदर्शनाला तुम्ही आलात, काठी टेकत सगळ्या भिंतींसमोरून फिरलात. अभिप्रायाच्या वहीत लोकांनी पानं भरली होती. तुमची ओळ एकच: "उत्तर दिशा दाखवलेली नाही." खाली सही, तारीख.

आता प्रत्येक फोटोखाली कोपऱ्यात छोटा बाण छापला आहे, शेजारी तारीख आणि वेळ. बाण होकायंत्र लावून काढले आहेत, तरी एकदा तपासून द्या. लळिंगचा जुना फोटो बक्षिसासकट कपाटात आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे डॉक्टर अजून उन्हात जाऊ देत नाहीत म्हणे. 21 डिसेंबरपर्यंत ती बंदी उठेल. संध्याकाळी साडेचारला दारात गाडी घेऊन येते. लळिंगला जाऊ, सूर्य नक्की कुठे मावळतो ते तुम्ही काठीने दाखवा. थर्मास या वेळी माझ्याकडे. साखर कमीच घालीन.

तुमची,
मधल्या गल्लीतली पोरगी