नाकं मुरडायची तर खांबांकडे बघून मुरडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘किच’वरचा, म्हणजे भडक, सवंग मानल्या जाणाऱ्या सजावटीवरचा लेख वाचला. चाळीतल्या देवांच्या तसबिरी, प्लास्टिकच्या झेंडूची तोरणं, टॅक्सीतलं फुलाफुलांचं रेक्झिन, सगळ्यांना लेखकाने एकाच दमात सवंग ठरवलं आहे. गिरगावकराला हे कसं पटावं?

राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये छापखाना काढला तो गिरगावातच. लोणावळ्याजवळच्या मळवलीला तो नंतर गेला. तेलचित्र ज्यांना सात जन्मांत परवडलं नसतं, त्यांच्या भिंतीवर लक्ष्मी-सरस्वती आल्या त्या या छपाईमुळे. कलासमीक्षक आनंद कुमारस्वामींसारख्या जाणकारांना रविवर्मांची चित्रं नाटकी वाटली. वाटोत बापडी. लोकांनी पदरचे पैसे मोजून तसबिरी घेतल्या, हळदकुंकू वाहिलं. आता त्यांच्याच जुन्या प्रती लिलावात बोली लावून घेतल्या जातात! काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीचंही तेच. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून कायमची हद्दपार झाली आणि तिच्या छताच्या गुलाबांना हसणाऱ्यांच्या दिवाणखान्यात तिचं चित्र छापलेल्या उशा आल्या. सिनेमाची हातरंगी पोस्टरंसुद्धा पूर्वी पावसात भिंतीवरच कुजायची, आज चोरबाजारात त्यांना शौकीन गिऱ्हाईक आहे. वस्तू तीच, फक्त गिऱ्हाईक बदललं की तिची ‘कला’ होते.

म्हणून सगळंच भडक गोड मानून घ्यावं, असं मी म्हणत नाही. पण दुसऱ्याच्या घरातली तसबीर आवडली नाही तर पाहुण्याला मान फिरवता येते. नाक्यावर वाढदिवसाच्या फलकातून गॉगल लावलेले वीस चेहरे एकदम हसतात, तिथे मान कुठे फिरवायची? त्याहून वाईट सुशोभीकरणाच्या नावाखालचा झगमगाट. दिव्याच्या खांबांना दिव्यांच्याच पट्ट्या गुंडाळण्यात काय सौंदर्य, ते मला अजून कळलेलं नाही. झाडांच्या बुंध्यांनाही माळा आवळल्या होत्या. २०२४ मध्ये तो विषय उच्च न्यायालयापर्यंत गेला. हे सगळं आमच्या करातून, आम्हाला न विचारता.

लेखकमहाशयांनी पुढचा लेख यावर लिहावा. हे रंग, हे दिवे नेमकं कोण निवडतं आणि निविदेच्या कागदांवर एखाद्या चित्रकाराची सही असते का, हे त्यांनी शोधून छापावं. १८५७ पासूनचं जे. जे. कला महाविद्यालय पालिका मुख्यालयापासून हाकेच्या अंतरावर आहे, तेव्हा माणसं मिळत नाहीत ही सबब तरी चालणार नाही.

आपला,
एक वाचक, गिरगाव, मुंबई