विज्ञान प्रदर्शनातील विकतचे प्रकल्प

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून विज्ञान प्रदर्शनाची लगबग सुरू होते आणि त्याच सुमारास पुण्यातील तपकीर गल्लीत आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत पालकांची वर्दळ वाढते. 'आठवीसाठी काहीतरी दाखवा' एवढे म्हटले की हात जवळ नेताच झाकण उघडणारी कचरापेटी, अडथळा आला की वाजणारी अंधांची काठी किंवा माती कोरडी पडल्यावर आपोआप सुरू होणारा पंप तयार स्वरूपात पुढ्यात येतो. तक्त्यावर चिकटवायचा मजकूरही सोबत मिळतो, म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः करायचे उरते ते फक्त पाठांतर. यात मी दुकानदारांना दोष देणार नाही. मागणी आहे म्हणून ते विकतात, आणि त्याच दुकानांतून ट्रान्झिस्टर, रेझिस्टर, एलईडी असे सुटे भागही अवघ्या काही रुपयांत मिळतात. प्रश्न आहे तो आपण शाळांमध्ये आणि परीक्षणाच्या टेबलावर कशाला गुण देतो याचा.

तालुका पातळीवरील प्रदर्शनांत परीक्षक म्हणून काम करताना मी पाण्याच्या टाकीच्या अलार्मपाशी हमखास थांबतो. प्रकल्प जुना आहे आणि अनेक परीक्षक त्याकडे पाहून नाक मुरडतात. त्यात असते ते एवढेच: बीसी ५४७ हा ट्रान्झिस्टर, एक बझर, एखादा रेझिस्टर, ९ व्होल्टची बॅटरी आणि टाकीच्या काठाशी सोडलेल्या दोन तारा. पाणी तारांपर्यंत पोहोचले की त्यातून अगदी क्षीण प्रवाह ट्रान्झिस्टरच्या बेसला, म्हणजे त्याच्या नियंत्रण करणाऱ्या टोकाला, मिळतो, ट्रान्झिस्टर तो शंभरपटीहून अधिक वाढवतो आणि बझर वाजतो. हे सगळे पाठ करून सांगता येते. पाठ करून सांगता येत नाही ते पुढचे. अलार्म काही दिवस खरोखर टाकीवर लावून ठेवला, तर बॅटरीच्या धन टोकाला जोडलेली तांब्याची तार हिरवट-काळी पडून झिजू लागते, कारण एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहामुळे पाण्यात विद्युत अपघटन, म्हणजे विजेमुळे होणारी रासायनिक क्रिया, होत असते. 'दोन तारांपैकी कोणती आधी खराब झाली?' या प्रश्नाला ज्याने अलार्म वापरून पाहिला आहे तो मुलगा तत्काळ उत्तर देतो आणि पुढे स्टेनलेस स्टीलचा स्क्रू लावून पाहिल्याचेही आपणहून सांगतो. विकत आणलेल्याचा चेहरा मात्र आईवडिलांकडे वळतो. गंमत अशी की, मातीतील ओलावा मोजणारा जो दोन दातांचा तयार सेन्सर 'आधुनिक' प्रकल्पांत मिरवतो, त्यालाही नेमका हाच रोग असतो. सतत वीज न देता मोजमापापुरता क्षणभरच प्रवाह सोडला तर तो बराच टिकतो, आणि आर्डुइनो या छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या सर्किट बोर्डच्या प्रोग्रॅममध्ये त्यासाठी दोन-चार ओळींची भर पुरते. ही भर घालणाऱ्या विद्यार्थ्याला मी पंप विकत आणणाऱ्यापेक्षा केव्हाही वरचे गुण देईन.

सरकारी पातळीवर पैसा नाही असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही. मुलांनी स्वतः उपकरणे घडवून पाहावीत यासाठीच्या केंद्राच्या अटल टिंकरिंग लॅब या शालेय प्रयोगशाळेसाठी निवडलेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते, २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये अशा आणखी ५० हजार प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा झाली आहे, आणि शालेय विद्यार्थ्यांच्या नव्या कल्पनांसाठीच्या केंद्राच्या इन्स्पायर मानक योजनेत निवड झालेल्या विद्यार्थ्याच्या खात्यात प्रकल्पासाठी थेट १० हजार रुपये जमा होतात. योजना चांगल्या आहेत. मात्र मी पाहिलेल्या काही प्रयोगशाळांत किट कपाटात कुलूपबंद असतात, कारण वस्तू मोडली तर नोंदवहीत काय लिहायचे, ही शिक्षकांची धास्ती असते. जिथे किट बाहेर निघतात तिथे ब्रेडबोर्डवर, म्हणजे भाग नुसते खोचून जोडायच्या छिद्रांच्या पट्टीवर, जोडणी होते आणि तास संपला की पुढच्या तुकडीसाठी ती उपटून ठेवली जाते. सुरुवातीला हे ठीकच आहे, पण सोल्डरिंग, म्हणजे वितळवलेल्या धातूने पक्का जोड देणे, कोणी शिकवत नाही. २५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न, मल्टिमीटर आणि घरातले बंद पडलेले एखादे उपकरण, एवढ्या सामग्रीत मुले जे शिकतात ते थ्रीडी प्रिंटरच्या शेजारी उभे राहून फोटो काढण्यात शिकत नाहीत. ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न बसलेला जोड, दिसतो कसा, जोड वरून धड वाटत असूनही रेडिओ टपली मारल्यावरच का बोलतो, हे एकदा कळले की दोष शोधण्याची नजर आपोआप तयार होते.

म्हणूनच माझी सूचना अशी आहे की, प्रदर्शनात 'दुरुस्त केलेले अथवा बदल करून वापरात आणलेले उपकरण' असा स्वतंत्र विभाग असावा आणि प्रत्येक प्रकल्पासोबत विद्यार्थ्याच्या हस्ताक्षरातील, काय बिघडले आणि कसे शोधले याची वही असावी, जिला मॉडेलइतकेच गुण असावेत. खोके उघडून दाखवणेही सक्तीचे करावे. चकचकीत ॲक्रिलिकच्या पेटीपेक्षा पुठ्ठ्याच्या खोक्यातली वेडीवाकडी वायरिंग मला अधिक प्रामाणिक वाटते, हा माझा पूर्वग्रह समजावा.

अशा विभागात धोका आहे, आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. घरोघरी असणाऱ्या चार्जिंगच्या दिव्याचेच उदाहरण घ्यावे. त्यातील ४ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी वर्ष-दोन वर्षांत मान टाकते आणि मग जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेला १८६५० आकाराचा लिथियम सेल तिच्या जागी बसवला जातो. व्होल्टेज जवळपास सारखेच, दिवाही झकास लागतो, त्यामुळे काम फत्ते झाले असे वाटते. परंतु लेड-ॲसिड बॅटरीसाठी बनवलेले चार्जिंग ४.८ व्होल्टच्या आसपास जाऊ शकते, तर लिथियम सेलला ४.२ च्या वर नेणे म्हणजे आगीला आमंत्रण. टीपी ४०५६ हे लिथियम सेल चार्ज करणारे, नखाएवढ्या चिपचे छोटे मॉड्यूल जुन्या चार्जिंगच्या जागी बसवून त्याला मोबाइलच्या चार्जरमधून ५ व्होल्ट दिले, तर हाच बदल सुरक्षित होतो. सेलच्या संरक्षणाची सोय असलेले मॉड्यूल घ्यावे, एवढेच पथ्य. शिवाय स्वस्त दिव्यांत ट्रान्सफॉर्मर नसतोच; एका कपॅसिटरमार्फत घरातली २३० व्होल्टची वीज जवळजवळ थेट आतल्या सर्किटच्या पट्टीवर आलेली असते, आणि असा दिवा उघडा असताना प्लगमध्ये घातला तर बॅटरीच्या टोकाला बोट लावणेही जिवावर बेतू शकते. एलईडी बल्बच्या दुरुस्तीचे व्हिडिओ पाहून टेबलावर बल्ब उघडून बसणाऱ्या मोठ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. तेव्हा शालेय प्रकल्पांत १२ व्होल्टच्या वर काहीही नको आणि वीज लागलीच तर ती प्रमाणित ॲडॅप्टरमधूनच, असा साधा दंडक घालता येईल. बंदी घालून मुले थांबत नाहीत, ती माळ्यावर जाऊन तेच करतात.

यात उत्पादकांचाही वाटा आहे. पूर्वी रेडिओच्या पाठीमागचे झाकण काढले की आतल्या बाजूस पुष्कळदा सर्किटचा नकाशा चिकटवलेला सापडे आणि गल्लीतला मेकॅनिक तो पाहून काम करी. आता नकाशा तर नसतोच, वर बॅटरी गोंदाने चिकटवलेली आणि स्क्रूला न मिळणारे पाने. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या अधिकारा'साठी, म्हणजे ग्राहकाला आपली वस्तू सहज दुरुस्त करून घेता यावी यासाठी, समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठी पोर्टलही सुरू केले. दिव्यासारख्या किरकोळ वस्तूंच्या खोक्यातही सर्किटचा कागद घालण्याची अट या निमित्ताने घालता आली, तर विद्यार्थी आणि कारागीर दोघांचेही काम सोपे होईल.

तालुका पातळीवरील प्रदर्शनांची परिपत्रके दरवर्षी निघतातच. यंदाचे परिपत्रक काढताना शिक्षण विभागाने दुरुस्तीचा विभाग, दोषनोंदीची वही आणि १२ व्होल्टची मर्यादा यांचा त्यात समावेश करावा आणि ते निदान महिनाभर आधी शाळांच्या हाती द्यावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, सातारा