उन्हाची वाट बघू नकोस

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

पाऊस उघडेपर्यंत कपडे धुवायचेच नाहीत, हा तुझा बेत आईकडून कळला. बेत रद्द कर. घामाने ओलावलेले कपडे टोपलीत कोंबून ठेवलेस तर त्यांवर बुरशीचे काळे ठिपके पडतील, आणि सुती कापडातून ते सहसा जात नाहीत. धुवायचे, आणि बाहेर बाल्कनीतच वाळत घालायचे. ऊन असलं तर उत्तमच, पण कपड्यांना त्याहून जास्त गरज वाहत्या हवेची असते.

तू हिशेबाची माणूस, म्हणून हिशेबच मांडतो. ३० अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ३० ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. पावसाळी दिवशी आर्द्रता ९० टक्के धर. म्हणजे २७ ग्रॅम जागा आधीच भरलेली, तुझ्या कपड्यांसाठी उरली ३ ग्रॅम. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि तेवढ्याच उंच खोलीत साधारण २८ घनमीटर हवा असते. दारं-खिडक्या लावून तिथे कपडे टांगलेस, तर ही सगळी हवा मिळून जेमतेम ८४ ग्रॅम पाणी शोषेल. एका ओल्या जीन्समध्येच याच्या कितीतरी पट पाणी असतं. मग खोली दमट होते, भिंतींना ओल धरते आणि जीन्स ओली ती ओलीच. बाहेरची हवा तेवढीच दमट असली तरी ती सरकत राहते. दर घनमीटर तीनच ग्रॅम नेतो, पण त्याच्या मागे दुसरा येतोच.

आता खरी मेहनत कुठे घ्यायची ते सांगतो. दोरीवर नाही, त्याच्या आधी, पिळण्यात. एक लीटर पाण्याची वाफ व्हायला लागणारी उष्णता म्हणजे हजार वॅटचा हीटर चाळीस मिनिटं चालवण्याइतकी. पावसाळ्यात ती उष्णता आणायची कुठून? तेच पाणी मनगटाच्या जोराने किंवा मशीनच्या ड्रायरने मिनिटाभरात निघून जातं. त्यामुळे मशीनमध्ये ड्रायरचं चक्र दुसऱ्यांदा फिरव, विजेचा विचार करू नकोस. हाताने धुतेस तेव्हा पिळून झालं की कपडा कोरड्या टॉवेलवर पसर, दोन्हींची घट्ट गुंडाळी कर आणि तिच्यावर गुडघा देऊन दाब. टॉवेल भिजतो, पण शर्ट जवळजवळ इस्त्रीजोगा होऊन बाहेर येतो. लोकरीचं काही असेल तर पिळायचंच नाही, फक्त असं दाबायचं. मग झटक. चांगला सणकून झटक, शेजारी काय म्हणतील ते म्हणोत. चुरगळलेल्या घडीत हवा शिरत नाही.

बाल्कनीत दोन दोऱ्या आहेत ना? बाहेरच्या दोरीवर पॉलिएस्टरचे टी-शर्ट, खेळायचे कपडे. झड आत आली तर तेच भिजतील, आणि तेच पुन्हा लवकर वाळतील, कारण पॉलिएस्टरचा धागा स्वतःत पाणी जवळपास घेतच नाही. सुती कपडे आतल्या दोरीवर. सुताचं वेगळं असतं. आपण ज्याला कोरडं म्हणतो त्या सुती कपड्यातही साधारण हवेत सात-आठ टक्के पाणी असतंच, आणि दमट हवेत ते आणखी वाढतं. म्हणून पावसाळ्यात कपाटातला शर्टही हाताला गार लागतो. तो ओला नसतो, उगाच पुन्हा वाळत घालू नकोस.

दोन कपड्यांत चार बोटांचं तरी अंतर ठेव. जागा पुरत नसेल तर कमी धू, पण एकावर एक टाकू नकोस. जीन्स उलटी करून, खिसे बाहेर काढून, कमरेकडून चिमटे लावून टांग, म्हणजे कंबर पिंपासारखी उघडी राहून आतून वारा जाईल. शर्ट हँगरवर, बटणं उघडी. चादर दोरीवर बरोबर मधोमध टाकलीस तर दोन्ही पदर एकमेकांना चिकटून बसतात; एक बाजू लांब, एक आखूड ठेव.

वेळेचं म्हणशील तर सकाळी. पहाटे हवा सर्वांत दमट असते, दुपारी तापमान चढलं की आर्द्रता उतरते, तो टप्पा कपड्यांना मिळाला पाहिजे. संध्याकाळी निम्मे-शिम्मे वाळले असले तरी आत आण. रात्री हवा गार होते तसा कमावलेला कोरडेपणा परत जातो. आत आणल्यावर पंख्याखाली टाक आणि खिडकी उघडी ठेव. खिडकी बंद करून नुसता पंखा लावलास तर तीच दमट हवा खोलीभर फिरत बसेल.

आणि भिजलेच तर? पावसाचं पाणी मूळचं मृदू असतं, त्याने कपडे बिघडत नाहीत. पिळून पुन्हा टांगायचे. बऱ्याच दिवसांच्या उघडिपीनंतरची पहिली सर मात्र हवेतली धूळ घेऊन येते, आणि छपरावरून पडणाऱ्या पागोळ्यांत गंज, शेवाळ काहीही असू शकतं. त्यांखाली सापडलेले कपडे परत खंगाळ.

कुबट वासाबद्दल तू विचारलं होतंस. जपानी संशोधकांनी २०१२ साली या वासामागचा एक जिवाणू दाखवून दिला, मोरॅक्सेला ऑस्लोएन्सिस. तो कोरडेपणाला आणि अतिनील किरणांनाही फारशी दाद देत नाही, त्यामुळे वास लागलेला टॉवेल पुढे उन्हात घातला तरी घामाने भिजताच पुन्हा वास मारतो. अत्तर किंवा सुगंधी द्रव शिंपडणं ही तर निव्वळ फसवणूक. ज्या कापडाला चालेल ते ६० अंशांच्या गरम पाण्यात धू, किंवा किंचित ओलसर असतानाच कडक इस्त्री फिरव. आणि धुतलेले कपडे मशीनमध्ये रात्रभर ठेवू नकोस. वासाची सुरुवात बहुतेकदा तिथेच होते.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती वाचून लगेच उठायचं. तुझ्या दोऱ्यांपैकी एक लोखंडी तार आहे असं फोटोत दिसलं. ती काढून टाक. विजेची एखादी वायर पावसात सोलवटून अशा तारेला टेकली तर तार जिवंत होते, आणि ओला कपडा, ओले हात, ओली फरशी असं सगळं जुळून येतं. पावसाळ्यात माणसं अशी दगावतात. नायलॉनची दोरी बांध. ती भिजून जरा सैल पडेल, तेव्हा पुन्हा ताणायची. नवी दोरीसुद्धा मीटरच्या पेटीला, विजेच्या खांबाला किंवा एसीच्या सांगाड्याला बांधायची नाही. कडकडाट सुरू असेल तेव्हा कपडे काढायला धावायचं नाही, भिजू देत. जुनी तार काढतानाही आधी मेन स्विच बंद कर, पायात कोरडी रबरी चप्पल घाल, आणि ती इमारतीबाहेर कुठे जोडलेली असेल तर स्वतः हात न लावता घरमालकांना वायरमन बोलवायला सांग.

काढून झाली की नव्या दोरीचा फोटो पाठव. आई विचारतेय, चिमटे पुरेसे आहेत का?

तुझा,
बाबा