कोर्टाची पायरी आणि आत्याचा कागद

संपादक साहेब, नमस्कार.

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" ही म्हण आमच्या खानापूर भागात उठताबसता ऐकायला मिळते, पण ती कुणाला सांगतात ते बघा. ज्याने पैसे बुडवले, बांध कोरला त्याला कोण सांगत नाही, ज्याचं गेलंय त्यालाच सांगतात आणि बाई असेल तर जास्तच.

माझ्या आत्याने एका ओळखीच्या माणसाला हातउसने पैसे दिलेले, साध्या कागदावर लिहून घेऊन. मागायला गेली की पुढच्या सुगीला देतो म्हणायचा. केस घालते म्हणाली तर घरचे काय गल्लीतले काय, सगळ्यांचं एकच, पायरी चढू नको, तू बाईमाणूस. ऐकलं तिने. शेवटी वकिलांकडे गेलो तर त्यांनी आधी कागदावरची तारीख बघितली आणि म्हणाले मुदत गेली, उसन्या पैशाचा दावा 3 वर्षांच्या आत लावावा लागतो. मुदतीत असतानाच त्याच्याकडून देणं कबूल आहे अशी लेखी सही घेतली असती तर तिथून परत 3 वर्षं मिळाली असती, हे पण त्या दिवशीच कळलं!

मुळात पायरी चढणे हा शब्दच आपल्यात जड. तुझ्या घराची पायरी चढणार नाही म्हटलं की संबंध तुटले. म्हणून कोर्टात गेला तो भांडखोर असं लोक धरूनच चालतात, पण माझ्या मते म्हण वेळेची आणि खर्चाची आहे, हक्काचं मागू नये असं तिच्यात कुठे आहे? वेळ लागतो हे खरंच, सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने 2004 साली सुप्रीम कोर्टात लावला, त्याची वाट आम्ही अजून बघतोय, पण तो लावायलाच नको होता असं म्हणताना इथल्या मराठी माणसाला मी ऐकलेलं नाही.

खर्चाचं म्हणाल तर 1987 च्या कायद्याने बाईला, कमाई कितीही असो, फुकट वकील मिळतो, कोर्टातल्या कायदा सेवा प्राधिकरणात अर्ज द्यायचा. आणि कोर्टातली केस लोकअदालतीत मिटली तर भरलेली कोर्ट फी पण परत मिळते.

आत्याला यातलं एक पण कुणी सांगितलं नाही, म्हण मात्र सगळ्यांनी सांगितली. तेव्हा आपल्या पेपरात या मुदतीची माहिती कोपऱ्यात का होईना अधूनमधून छापावी ही विनंती, अजून कुणाकुणाच्या ट्रंकेत असे कागद पडून असतील आणि त्यातल्या काहींची 3 वर्षं अजून भरायची असतील.

आपला एक वाचक,
तालुका खानापूर, जिल्हा बेळगाव