तपासणीला माणूस का येत नाही ते आधी बघा

संपादक साहेब, नमस्कार.

१ डिसेंबरला, एड्स दिनाला, तुमच्या पेपरात नेहमीसारखा रॅलीचा फोटो होता, लाल फीत लावलेली कॉलेजची पोरं, आणि वर 'एड्सचा विळखा'. दरवर्षी तोच विळखा, कधी सुटतच नाही! मी दापोली तालुक्यात मेडिकल चालवतो. आमच्याकडे कंडोम घ्यायला आलेला माणूस आधी क्रोसिन मागतो, मग गर्दी कमी होईस्तोवर बाजूला उभा राहतो, आणि पाकीट आम्ही गुंडाळून देतो ते बहुतेक तुमच्याच पेपरात. असो.

बोस्टनला फेनवे हेल्थ म्हणून संस्था आहे, तिथले डॉ. केनेथ मेयर एड्सची साथ सुरू झाली तेव्हापासून समलिंगी पुरुषांच्या आरोग्यावर आणि एचआयव्ही रोखण्यावर काम करतायत. लागण नसलेल्याने रोज घ्यायची प्रेपची गोळी आहे ना, तिची सहा देशांत मोठी चाचणी झाली, तिच्या बोस्टन सेंटरचं काम त्यांच्याकडे होतं. २०१० ला निकाल आला, लागण ४४ टक्के कमी, आणि ज्यांच्या रक्तात औषध खरंच सापडलं त्यांना फायदा कितीतरी जास्त. म्हणजे गोळी नेली पण घेतली नाही असेही बरेच होते, आणि हे आम्हा मेडिकलवाल्यांना कोणी वेगळं सांगायला नको.

पण मला जास्त पटलं ते याच मंडळींचं मुंबई आणि चेन्नईतलं काम, स्टीव्हन सॅफ्रन म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत त्यांच्यासोबत केलेलं, मुंबईत समलिंगी लोकांसाठी काम करणारी हमसफर ट्रस्ट बरोबर होती. त्यांनी नुसतं कंडोम वापरा कंडोम वापरा केलं नाही, आधी समलिंगी पोरांना गटात बसवलं, मग एकेकट्याशी बोलले, घरचं लग्नाचं प्रेशर, लाज, स्वतःबद्दलचा राग, सगळं, आणि मग कंडोमशिवायचे संबंध कमी झाले. ज्याला स्वतःचीच किंमत वाटत नाही तो तब्येत कशाला सांभाळेल, साधी गोष्ट आहे पण आपल्या एकाही पोस्टरवर नाही.

आता आपल्याकडे बघा. सरकारी दवाखान्यात एचआयव्ही तपासणी फुकट आहे, २००४ पासून औषधंही फुकट. पण केसपेपरच्या खिडकीवर बसलेला बाबा आपल्याच वाडीतला, बाहेर बाकावर मामेबहिणीची सासू. पोरगा कशाला जाईल तिथे? तो गाडी पकडून मुंबईला जातो नाहीतर जातच नाही, शिमग्याला घरी आला की मुलगी दाखवतात, लग्न होतं, आणि पुढे बायकोला दिवस गेले की तिची तपासणी होते तेव्हा घरात पहिल्यांदा कळतं, आणि बोल तिलाच लागतो. २०१७ चा एचआयव्ही कायदा म्हणतो की संमतीशिवाय तपासणी नाही आणि रिपोर्ट कोणाला सांगायचा नाही. कायदा चांगला आहे हो, पण वाडीत बातमी फुटायला रिपोर्ट लागत नाही, त्या दाराशी उभं दिसलं तरी पुरतं.

तृतीयपंथीयांचं तर विचारूच नका, त्यांना आधी पुरुषांच्या लाइनीत उभं राहायचं की बायकांच्या इथूनच सुरुवात.

आणि विळखा म्हणाल तर युरोपात एक अभ्यास झाला, २०१९ ला लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात आला, ७८२ समलिंगी जोडपी, एकाला एचआयव्ही आणि दुसऱ्याला नाही, कंडोम न वापरता संबंध, पण औषध नीट चालू आणि रक्तात व्हायरस सापडत नाही इतका दबलेला. जोडीदाराकडून जोडीदाराला झालेली लागण शून्य. ही बातमी पहिल्या पानावर यायला हवी होती, मला तरी कुठे दिसली नाही.

मागणी दोनच आहेत. एक आरोग्य खात्याला, तपासणी संध्याकाळीही ठेवा, आणि शक्यतो शेजारच्या तालुक्यातल्या माणसाकडून करा. १ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठून बोटी निघायच्या आधी हर्णैला, मिरकरवाड्याला जेटीवरच या, नेपाळहून आलेले खलाशी तिथेच भेटतील, आणि त्यांची भाषा येणारा कोणीतरी सोबत आणा. दुसरी तुम्हाला. १०९७ ही एचआयव्हीची फुकट हेल्पलाइन आहे, आणि धोका झाल्यासारखं वाटलं तर ७२ तासांच्या आत, जमेल तितक्या लवकर, औषध सुरू केलं तर लागण टळू शकते. एवढं राशिभविष्याच्या शेजारी रोज चौकटीत छापा, तिथे सगळे बघतात.

– एक मेडिकलवाला, ता. दापोली
(नाव छापू नये, गिऱ्हाइकं ओळखतील)